हजीऱ्याहून निघालेली युरियाची गोणी
बल आणि गती यांचे तीन साधे नियम

युरियाची गोणी आपल्यापैकी पुष्कळांनी हाताळली आहे. परंतु ती कारखान्यातून आपल्या बांधापर्यंत येताना तिच्यावर कोणकोणती बले काम करतात, आणि त्याच बलांमुळे माणूस कसा जायबंदी होतो, ह्याचा विचार आपण सहसा करीत नाही. पदार्थविज्ञानाचा हा भाग मुले शाळेत पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. आम्हांला वाटते, शेतावर राबणाऱ्या आणि रस्त्याने येजा करणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा. ह्या धड्याचे नियम कोणाची वयाची वा पैशाची सबब ऐकत नाहीत.

सुरत शहराच्या पश्चिमेला, तापी नदी जेथे समुद्राला मिळते तेथे हजीरा आहे. तेथे कृभको ह्या सहकारी संस्थेचा खत कारखाना असून १ मार्च १९८६ पासून युरियाचे व्यापारी उत्पादन चालू आहे. हजीऱ्याहूनच एक मोठा राष्ट्रीय महामार्ग निघतो. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता, आता ५३ आहे. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करीत तो धुळे, जळगाव, अकोला, अमरावती आणि नागपूरकडे जातो. आपण अशी कल्पना करू की एक गोणी ट्रकमधून ह्याच रस्त्याने निघाली आहे. तिच्या सोबतीने आपण तीन नियम शिकू. हे नियम आयझॅक न्यूटन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६८७ साली ग्रंथरूपाने मांडले.

पहिला नियम : ट्रक थांबतो, गोणी थांबत नाही

स्थिर वस्तू स्थिरच राहते आणि चालती वस्तू सरळ रेषेत त्याच वेगाने चालत राहते; बाहेरचे बल लागले तरच त्यात बदल होतो. वस्तूच्या ह्या स्वभावाला जडत्व म्हणतात. वस्तुमान जितके अधिक, तितके जडत्व अधिक.

कोणी म्हणेल, बैलगाडी तर बैल थांबले की आपोआप थांबते. ती आपोआप थांबत नाही. चाक आणि माती, आस आणि तुंबा यांच्यातील घर्षण तिला थांबवते. घर्षण हेही एक बलच आहे.

आता ट्रकमधील गोणीकडे पाहा. ट्रक ज्या वेगाने चालला आहे, त्याच वेगाने गोणीही चालली आहे. चालकाने करकचून ब्रेक दाबला तर ब्रेक चाकांना लागतो, गोणीला लागत नाही. गोणी पुढे जाऊ पाहते. दोराने आवळलेली असेल तर दोर तिला धरून ठेवतो. सैल असेल तर ती घसरून पुढच्या फळीवर आदळते. ट्रॉलीत गोण्यांवर बसलेल्या मजुराचेही असेच होते, आणि त्याला तर दोरही बांधलेला नसतो. म्हणून आमचे कळकळीचे सांगणे आहे की भरलेल्या ट्रॉलीच्या मालावर कोणालाही बसवू नये, मुलांना तर मुळीच नाही.

दुचाकीवर आडवी गोणी टाकून नेणे हाही असाच प्रकार आहे. वळणावर आपण हँडल फिरवतो, पण गोणी सरळ जाऊ पाहते. तोल जातो तो तेथेच.

दुसरा नियम : वेग दुप्पट, अंतर चौपट

वस्तूचा वेग बदलण्यास किती बल लागेल, हे दुसरा नियम सांगतो. वेगात दर सेकंदाला होणाऱ्या बदलाला त्वरण म्हणतात. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. रिकामा ट्रक १० टनांचा आणि भरलेला २५ टनांचा असेल, तर तितक्याच त्वरणासाठी भरलेल्या ट्रकला अडीचपट बल लागते. थांबवतानाही तोच हिशेब.

आता हा हिशेब रस्त्यावर लावून पाहू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. ताशी ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर. समोर गुरू आडवे आले. ते दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात पहिली गाडी १० मीटर व दुसरी २० मीटर पुढे गेलेली असते. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेकने वेग दर सेकंदाला ५ मीटरने कमी होतो असे धरू. मग ब्रेक लागल्यानंतर पहिली गाडी १० मीटरांत थांबते, दुसरीला मात्र ४० मीटर लागतात. वेग दुप्पट झाला, पण ब्रेकचे अंतर चौपट झाले. एकूण अंतर पहिलीचे २० मीटर, दुसरीचे ६० मीटर.

पावसाने रस्ता ओला झाला आणि टायरची पकड निम्मी राहिली तर? पहिल्या गाडीला ३० मीटर लागतील, दुसरीला १०० मीटर. म्हणून पावसाळ्यात पुढच्या गाडीपासून दूर राहा, असे जे सांगतात त्यामागे हे साधे गणित आहे. रस्ता ओलांडणाऱ्यानेही ते ध्यानात ठेवावे. चालकाने आपल्याला पाहिले, एवढ्याने तो थांबू शकेल असे नाही.

कोणी विचारील, जड ट्रकला थांबण्यास अधिक अंतर लागते का? वजन वाढले की टायर रस्त्यावर अधिक दाबले जातात आणि घर्षणही वाढते. त्यामुळे ब्रेक उत्तम असतील तर अंतर फारसे बदलत नाही. परंतु त्या ब्रेकना अडीचपट उष्णता सोसावी लागते. सपाटीवर हे निभते, घाटात निभत नाही. आपली गोणी नवापूर, विसरवाडी मागे टाकून कोंडाईबारीच्या घाटात येते. अशा घाटातून उलट दिशेने उतरताना चालक सारखा ब्रेकवर पाय ठेवून राहिला, तर ब्रेक तापतात आणि त्यांची पकड सुटू लागते. जाणते चालक म्हणून चढताना जो गियर लागतो त्याच गियरमध्ये उतरतात. मग इंजिनच गाडीला आवरून धरते आणि ब्रेक गरजेच्या वेळेसाठी थंड राहतात. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवू पाहणारा माणूस हे रोखणारे बल स्वतःच्या हाताने सोडून देत असतो.

आदळण्याचा जोर समजण्यासाठी आणखी एक हिशेब सांगतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे ५ मीटर उंचीवरून जमिनीवर पडण्यासारखे आहे. ताशी ७२ ने आदळणे म्हणजे २० मीटरांवरून, उंच माडाच्या शेंड्यावरून पडण्यासारखे. माडावरून पडलेला गवताच्या गंजीवर पडला तर वाचण्याची आशा असते, फरशीवर पडला तर नसते. कारण गंजी दबते, थांबण्यास थोडा वेळ आणि थोडे अंतर मिळते, आणि बल कमी होते. हेल्मेटच्या आतील जाड थर डोक्यासाठी नेमके हेच काम करतो. पट्टा न बांधलेले हेल्मेट मात्र पहिल्या नियमाप्रमाणे डोक्याच्या आधीच निघून जाते.

तिसरा नियम : ढकलाल तर ढकलले जाल

प्रत्येक क्रियाबलाला तितकेच आणि उलट दिशेचे प्रतिक्रियाबल असते. बैल खुरांनी जमीन मागे रेटतो, जमीन बैलाला पुढे रेटते. चिखलात खूर घसरतो तेव्हा बैलाची ताकद कमी झालेली नसते. जमिनीची पकड कमी झालेली असते. ट्रकचे टायरही असेच रस्त्याला मागे रेटून पुढे जातात.

ट्रक उभा असला तरी रस्त्याला विश्रांती नसते. ट्रक जितक्या वजनाने खाली दाबतो, तितक्याच बलाने रस्त्याला त्याला वर उचलून धरावे लागते. रस्ता हे करू शकला नाही की खड्डा पडतो. हजीऱ्यात १८ ते ३० टनांचे माल भरलेले ट्रक रोज हजाराच्या वर जातात. तेथे २०२२ साली सुमारे एक किलोमीटर लांबीचा सहा पदरी रस्ता खडीऐवजी पोलाद कारखान्यातील मळी, म्हणजे स्लॅग, वापरून बांधण्यात आला. त्यासाठी दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने मार्गदर्शन केले. सुमारे एक लाख टन प्रक्रिया केलेली मळी त्यात कामी आली आणि रस्त्याची जाडी नेहमीपेक्षा सुमारे ३० टक्के कमी ठेवता आली. टाकाऊ मळीचा उपयोग झाला आणि डोंगर फोडून काढायची खडी तेवढी वाचली.

तिसऱ्या नियमाचा विसर ट्रॅक्टरवर जिवावर बेततो. मागची चाके चिखलात रुतली आणि चालकाने जोराने क्लच सोडला, तर इंजिन चाकाला फिरवू पाहते, पण चाक फिरत नाही. मग त्याच बलाची प्रतिक्रिया ट्रॅक्टरचे तोंड वर उचलते, आणि तो क्षणार्धात मागे उलटून चालकाला खाली घेतो. ओढायची साखळी ठरलेल्या हुकाऐवजी उंच जागी बांधली तर हा धोका फार वाढतो. म्हणून साखळी नेहमी खालच्या हुकालाच बांधावी, क्लच हळू सोडावा, आणि रुतलेला ट्रॅक्टर शक्यतो मागे घेऊन काढावा.

गोणी आणि आपला कणा

गोणी गावात पोचली. आता ती उतरवायची. पूर्वी युरियाची गोणी ५० किलोची असे. मार्च २०१८ पासून ती ४५ किलोची झाली. तरीही ते वजन थोडे नव्हे.

आमच्यापैकीच एकाने काही वर्षांपूर्वी घाईत वाकून, गुडघे ताठ ठेवून, झटक्यात गोणी उचलली. कंबरेत कळ आली ती आलीच. दीड महिना अंथरूण सुटले नाही. त्याचे कारण तरफेच्या नियमात आहे. कणा हा टेकू. पाठीचे स्नायू त्या टेकूपासून मागे केवळ ५ सेंटिमीटरांच्या आसपास असतात. हातातील गोणी टेकूपासून ५० सेंटिमीटर पुढे असेल, तर अंतर दहापट झाले. म्हणजे ४५ किलोची गोणी सावरण्यास पाठीच्या स्नायूंना ४५० किलोइतका ताण द्यावा लागतो. तीच गोणी पोटाशी, २० सेंटिमीटरांवर धरली, तर ताण १८० किलोंवर येतो. गोणी तीच, माणूस तोच, फक्त अंतर बदलले. शिवाय झटका दिला की दुसऱ्या नियमाप्रमाणे बल आणखी वाढते.

अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने सर्व परिस्थिती अनुकूल असताना एका माणसाने उचलावयाच्या वजनाची मर्यादा २३ किलो सांगितली आहे. ४५ किलोचे दोन समान भाग केले तर साडेबावीस किलो होतात. म्हणजे गोणी दोघांची आहे, एकट्याची नाही. दुसऱ्याला हाक मारण्यात कमीपणा मुळीच नाही.

कंबर दुखून पायात मुंग्या वा बधिरपणा आला, पायातली शक्ती गेली, किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला, तर मालीश वा शेक करीत बसू नये; लगेच डॉक्टरांकडे जावे.

ध्यानात ठेवा

१. माल दोराने आवळून बांधा. मालावर माणूस बसवू नका.
२. वेग दुप्पट तर ब्रेकचे अंतर चौपट. ओल्या रस्त्यावर त्याहूनही अधिक.
३. घाट उतरताना खालचा गियर. न्यूट्रल कधीही नाही.
४. ट्रॅक्टरची साखळी खालच्या हुकालाच.
५. गोणी उचलताना गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, वजन पोटाशी धरा, कंबरेतून पिळू नका, आणि जोडीदार घ्या.

घरी करून पाहा

पेल्यावर पोस्टकार्ड आणि त्यावर नाणे ठेवा. कार्डाला टिचकी मारा. कार्ड उडते, नाणे पेल्यात पडते, हे जडत्व. मग एक जाड पुस्तक आधी छातीशी धरा आणि नंतर हात लांब करून धरा. एका मिनिटात खांदे भरून येतील. पुस्तकाचे वजन वाढलेले नाही, वाढले ते फक्त अंतर. हा प्रयोग मुलांकडून करवून घ्या आणि पुढच्या वेळी गोणी उतरवताना त्यांनाच विचारा, "कशी उचलू?" त्यांनी बरोबर सांगितले, तर धडा घरात पोचला असे समजावे.