खिशातला वाटाड्या

विद्यार्थी मित्रांनो, प्रवासाला गेल्यावर तुम्ही काय पाहता? किल्ले, मशिदी, मंदिरे, मकबरे; म्हणजे बहुतेक जुन्या इमारती. नव्या इमारतींवरून आपली नजर नुसती फिरते. सिमेंटच्या भिंतीत पाहण्यासारखे काय असणार, असे मलाही वाटत असे. एका लहानशा पुस्तकाने माझे हे मत बदलले.

काही वर्षांपूर्वी मी अहमदाबादला गेलो होतो. एका मित्राने मला खिशात मावेल एवढे पुस्तक दिले. त्यात शहरातील आधुनिक इमारतींची माहिती होती. प्रत्येक इमारतीचे नाव, वास्तुशिल्पकार, वर्ष, पत्ता आणि नकाशातील क्रमांक एवढेच त्यात दिले होते.

सकाळी मी सिदी सय्यदची मशीद पाहिली. सोळाव्या शतकातील या मशिदीची दगडी जाळी प्रसिद्ध आहे. जाळीतून उजेड आणि वारा आत येतो. कडक ऊन मात्र अडते. मग पुस्तक काढून मी आश्रम रोडवरील गिरणीमालक संघाच्या इमारतीकडे गेलो. ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पकाराने तिचा आराखडा केला. ती १९५४ साली पूर्ण झाली. तिच्या पश्चिमेला काँक्रीटच्या तिरप्या, उभ्या फळ्या आहेत. त्या दुपारचे ऊन अडवतात, असे पुस्तकात वाचले आणि मी थबकलो. ही तर जाळीच! नक्षी गेली, दगड गेला. पण काम तेच राहिले.

त्यानंतर प्रत्येक ठिकाणी मी ऊन आणि वारा शोधू लागलो. साबरमती आश्रमातील संग्रहालय चार्ल्स कोरिया यांनी उभारले. ते १९६३ साली सुरू झाले. त्याच्या खिडक्यांना काचा नाहीत, लाकडी झडपा आहेत. बाळकृष्ण दोशी आणि चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनी मिळून १९९० च्या दशकात जमिनीखाली एक कलादालन केले. त्याला 'अमदावाद नी गुफा' म्हणतात. त्याच्या घुमटांवर चिनी मातीच्या फरशांचे तुकडे बसवले आहेत. ते ऊन परतवतात. दोशी पुण्याचे, तर हुसेन यांचा जन्म पंढरपूरचा! दोशी यांना २०१८ साली वास्तुकलेचे प्रिट्झकर पारितोषिक मिळाले.

असे पुस्तक वापरताना पुढील गोष्टी लक्षात ठेवा :

१. आदल्या रात्री नकाशावर खुणा करा. जवळजवळच्या इमारती एका दिवशी पाहा.

२. इमारतीसमोर गेल्यावर पुस्तक लगेच उघडू नका. पाच मिनिटे स्वतः पाहा, मग वाचा.

३. पुस्तक कोणत्या वर्षी छापले ते पाहा आणि वेळ आधी विचारून घ्या. एका ठिकाणी पुस्तकातील वेळ जुनी निघाली आणि मला बंद दारावरून परतावे लागले.

४. इमारतीत माणसे काम करतात, शिकतात. परवानगीशिवाय आत जाऊ नका, छायाचित्रे काढू नका.

आता एक गंभीर गोष्ट. अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था लुई कान यांनी विटांनी घडवली. २०२० च्या अखेरीस तिची बरीच वसतिगृहे पाडण्याचा विचार पुढे आला. इमारती जीर्ण झाल्या आहेत, असे कारण सांगितले गेले. जगभरातून विरोध झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये तो विचार मागे घेतला गेला. पण २०२२ साली हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. प्राचीन स्मारकांच्या केंद्रीय कायद्यात किमान शंभर वर्षे जुन्या वास्तू येतात. पन्नास-साठ वर्षांच्या इमारतीला तो आधार नाही. तिची किंमत जाणणारी माणसे हाच तिचा मोठा आधार. आणि जे आपण कधी नीट पाहिलेच नाही, त्याची किंमत आपल्याला कशी कळणार?

म्हणून मित्रांनो, पाहायला शिका. त्यासाठी अहमदाबादलाच जायला हवे असे नाही. उद्या शाळेत आलात की फाटकाशी क्षणभर थांबा. वर्गात ऊन कोणत्या बाजूने येते आणि ते कशाने अडते, ते शोधा.

शब्दार्थ
वाटाड्या – वाट दाखवणारा
आराखडा – इमारतीची आखणी
थबकणे – एकाएकी थांबणे
जीर्ण – जुने व खराब झालेले

स्वाध्याय
१. लेखकाने काँक्रीटच्या फळ्यांना जाळी का म्हटले?
२. तुमच्या गावातील तीन नव्या इमारतींची माहिती देणारी खिशात मावेल अशी पुस्तिका तयार करा.