स्नानाच्या पाण्यासाठी कोणता गिझर निवडावा?

वाराणसीतील दुर्गाघाट, ब्रह्माघाट परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी गिझर घेण्यापूर्वी आपले स्नानगृह पाहावे. ते लहान असेल, खिडकी नसेल आणि पौष-माघाच्या थंडीत दारही घट्ट लावले जात असेल, तर तेथे गॅस गिझर कदापि बसवू नये.

ज्वाळेला पुरेसा प्राणवायू न मिळाल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्यास रंग नाही, वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही लक्षणे थकवा समजून दुर्लक्षिली जातात, आणि कडी काढण्यापूर्वीच शुद्ध हरपू शकते. पूर्वी बंब परसात पेटविला जाई, ते उगीच नव्हे. गॅस गिझर हवाच असल्यास तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवून केवळ पाण्याची नळी आत आणावी.

बंदिस्त स्नानगृहासाठी विजेचा साठवण गिझर उचित. 15 लिटरचा, 2000 वॅटचा गिझर 15 अंशांचे पाणी सुमारे 25 मिनिटांत 60 अंशांवर नेतो. आयएसआय चिन्ह पाहावे. 16 अँपिअरचा सॉकेट व अर्थिंग अत्यावश्यक. जुन्या घराचे वायरिंग आधी तपासून घ्यावे.

गॅस गिझर चालू असता कोणी बेशुद्ध आढळल्यास दारे-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करून रुग्णास मोकळ्या हवेत आणावे व 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. गिझरविषयी डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर अशा वेळीही नेहमीचाच आकडा दाखवू शकतो.