एकच राणी, किती पुस्तकं

"आमचा मुलगा वाचतो हो, पण फक्त..." हे वाक्य तुम्हा पालकांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी उच्चारलेलं आहे. कुणाचा मुलगा फक्त कॉमिक्स वाचतो, कुणाची मुलगी फक्त भुताच्या गोष्टी, कुणाचं पोर क्रिकेटपलीकडे काही हातात घेत नाही. आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत आणखी एक काळजी ऐकू येते: हिंदी भराभर वाचते, मराठी पुस्तक उघडतसुद्धा नाही.

या 'फक्त'ची तुम्ही धास्ती घेऊ नका. तो सोडवण्याच्या मागे तर मुळीच लागू नका. मूल एखाद्या विषयाला चिकटलं असेल, तर तेच आपलं भांडवल. विषय तोच ठेवायचा आणि पुस्तकाचा प्रकार बदलायचा. कथा, कविता, चरित्र, प्रवासवर्णन, इतिहास, नाटक, विज्ञानकथा हे प्रकार शाळेत पाठ करायला लावतात आणि म्हणून ते मुलांना परीक्षेतल्या जोड्या लावण्यापुरतेच माहीत असतात. एकाच गोष्टीकडे वेगवेगळ्या जागी उभं राहून पाहता येतं, हे त्यांना कुणी दाखवतच नाही. ते दाखवायला आपल्या ग्वाल्हेरइतकं सोयीचं गाव क्वचित सापडेल.

फूलबागेतली झाशीच्या राणीची समाधी घ्या. आपण तिथून रोज जातो. घोड्यावरचा पुतळा मुलांना पाठ असतो आणि राणीची गोष्टही त्यांना येते असं आपण धरून चालतो. पण ती गोष्ट म्हणजे बहुधा पाठ्यपुस्तकातलं एक पान असतं. पाठीला मूल बांधलेलं, हातात तलवार, 'मेरी झाँसी नहीं दूँगी', आणि प्रश्न संपला. लहान मुलाला तेवढं पुरे. अमर चित्रकथेतला राणीवरचा अंक त्याला खुशाल द्या. चित्रांतून गोष्ट वाचणं हेही वाचनच आहे, आणि चौकटीचौकटीतून कथा पुढे कशी सरकते हे ज्याला कळलं त्याला पुढे बरंच काही कळतं.

त्यानंतर कविता. इथे आपलं भाग्य असं की राणीवर दोन नामवंत कविता दोन भाषांत आहेत आणि दोन्ही आपल्या मुलांच्या आवाक्यातल्या आहेत. सुभद्राकुमारी चौहानांची हिंदी कविता त्यांना शाळेतून ठाऊक असते. मराठीत भा. रा. तांब्यांची आहे. तांबे 1873 साली मुंगावलीला जन्मले, ग्वाल्हेरचे राजकवी झाले आणि 1941 साली ग्वाल्हेरातच गेले. या दोन कविता एकाच दिवशी, एकीमागून एक, मोठ्याने वाचून पाहा. सुभद्राकुमारी बालपणापासून शेवटापर्यंत सगळी कथा सांगतात, पोवाड्यासारखी, दर कडव्याला तेच ध्रुपद परत येतं. तांबे कथा सांगत बसत नाहीत. ते वाटसरूला समाधीपाशी थांबवतात आणि त्या जागेवर उभं राहायला लावतात. मुलाला विचारा, कुठली जास्त आवडली? उत्तर काहीही येवो. "ही गोष्ट सांगते आणि ही थांबवते" एवढं जरी त्याने आपल्या शब्दांत सांगितलं, तरी कविता म्हणजे काय याचा पाठ झाला. कविता घरात मोठ्याने म्हणायची असते, हेही सांगून ठेवते. मनातल्या मनात वाचून मुलाला कविता आवडली नाही, तर तो दोष कवितेचा नाही.

मग येतो तो प्रकार, ज्यावर माझा फार जीव आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, घरचं कर्ज फिटेल, एवढाच हेतू. वाटेत बंडाची बातमी आली आणि हा गरीब भिक्षुक सगळ्या धामधुमीत सापडला. ग्वाल्हेरला राहिला, झाशीला गेला, इंग्रजांनी शहर घेतलं तेव्हा तो तिथेच होता. पुढे म्हातारपणी त्यांनी हे सगळं लिहून काढलं आणि चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली 'माझा प्रवास' या नावाने ते प्रसिद्ध केलं.

यातला एक प्रसंग मुलांना वाचून दाखवाच. झाशी पडल्यावर गोडसे काल्पीच्या वाटेवर आहेत. एका विहिरीपाशी घोडेस्वार येतात. त्यांत राणी असते, पुरुषी वेषात, धुळीने माखलेली, तहानेने कासावीस. गोडसे पाणी शेंदून द्यायला पुढे होतात. ती त्यांना अडवते; विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी शेंदावं हे तिला नको असतं. मातीच्या भांड्यातलं पाणी ती ओंजळीने पिते. बस, एवढंच. लढाई नाही, घोषणा नाही. शेजारच्या घरातल्या सातवीतल्या मुलीला मी हा भाग वाचून दाखवला, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "मग तिचा मुलगा कुठे होता तेव्हा?" पुतळा रोज पाहणाऱ्या मुलीला हा प्रश्न पूर्वी पडला नव्हता. पुतळ्यातली राणी तिच्या मनात पहिल्यांदा थकली, तहानली. प्रवासवर्णन किंवा आठवणी लिहिणारा माणूस स्वतः तिथे होता, ही एकच गोष्ट वाचनाचा रंग बदलून टाकते.

गोडशांची भाषा जुनी आहे, मुलांना एकट्याने झेपणार नाही. म्हणून तुम्ही वाचा, त्यांनी ऐकावं. ज्या मुलाला हिंदी सोपी जाते त्याच्यासाठी अमृतलाल नागरांनी केलेला हिंदी अनुवाद आहे, 'आँखों देखा गदर'. दोन्ही पुस्तकं शेजारीशेजारी ठेवा. आपल्या मुलांना देवनागरी येतेच, अर्धी लढाई तिथेच जिंकलेली असते. ओळखीचा प्रसंग हिंदीत वाचून झाला की मराठीतलं तेच पान परकं वाटत नाही. मराठी वाचत नाही म्हणून रागावण्यापेक्षा हा रस्ता मला कितीतरी बरा वाटतो.

इथून चरित्राकडे जाता येतं. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी राणीचं मराठी चरित्र 1894 साली लिहिलं. प्रवासवर्णनात "मी पाहिलं" असतं, चरित्रकाराला "हे कशावरून?" याचं उत्तर द्यावं लागतं. मोठ्या मुलांना हा फरक कळण्याचा एक सोपा मार्ग सांगते. राणी कोणत्या दिवशी गेली ते पुस्तकांत शोधायला सांगा. काही ठिकाणी 17 जून 1858 सापडेल, काही ठिकाणी 18 जून. मूल गोंधळेल आणि तुमच्याकडे येईल. त्याला लगेच उत्तर देऊ नका. दोन पुस्तकं एकमेकांशी सहमत नसतात, हे ज्याला बाराव्या-तेराव्या वर्षी कळलं, तो पुढे फोनवर आलेला प्रत्येक मजकूर खरा धरणार नाही.

ग्वाल्हेरात आणखी एक प्रश्न येणारच. "तेव्हा शिंदे कुणाच्या बाजूला होते?" सुभद्राकुमारींच्या कवितेतच त्याची ठिणगी आहे. 1 जून 1858 ला मुरारजवळ जयाजीराव शिंद्यांचं सैन्य बंडवाल्यांना जाऊन मिळालं आणि जयाजीराव दिवाण दिनकररावांसह आग्र्याला गेले. आपल्यापैकी कित्येकांच्या पूर्वजांनी शिंदेशाहीची नोकरी केलेली आहे, त्यामुळे घरात या विषयावर गप्प बसण्याची रीत आहे. मुलांपुढे ती रीत मोडा, असं मी कळकळीने सांगते. कविता एका ओळीत निवाडा देऊन मोकळी होते. संस्थानिकाला त्या वेळी काय दिसत होतं, त्याची भीती काय, हिशेब काय, हे इतिहासाच्या पुस्तकात शोधावं लागतं. निवाडा मुलानेच करावा, पण दोन्ही वाचून.

कादंबरीची पाळी त्यानंतर. वृंदावनलाल वर्मा झाशीचे वकील, राणीच्या कथा ऐकत वाढलेले. त्यांची राणीवरची हिंदी कादंबरी 1946 सालची. तिच्यात झलकारीसारखी साध्या घरातली स्त्री जिवंत होऊन समोर येते, कारण कादंबरीकाराला दरबाराबाहेरच्या घरांतही शिरता येतं. दहा वर्षांनी, 1956 साली, महाश्वेतादेवींनी बंगालीत राणीवर लिहिलं. ते त्यांचं पहिलं पुस्तक. त्यासाठी त्या झाशी-ग्वाल्हेरच्या मुलखात हिंडल्या, लोकांच्या तोंडची गाणी आणि आठवणी गोळा केल्या. कोकणातला भिक्षुक, साताऱ्याकडचा इतिहासकार, झाशीचा वकील, बंगालची लेखिका आणि आपले राजकवी. फूलबागेतल्या एका समाधीभोवती इतकी माणसं लिहायला बसली, हे आपल्या मुलांना ठाऊक असायला हवं.

महाराज बाड्यावरच्या केंद्रीय पुस्तकालयात भारतीय संविधानाची हस्तलिखितावरून छापलेली सचित्र प्रत आहे, ती पाहायची संधी मिळाली तर मुलांना जरूर न्या. नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सजवली. त्यात टिपू सुलतानाबरोबर लक्ष्मीबाईंचंही चित्र आहे. कायद्याच्या पुस्तकातही राणी भेटते, याचं मुलांना फार नवल वाटतं.

क्रिकेटवेड्या मुलाचे आईवडील इथपर्यंत वाचून म्हणतील, आमचा राणीपाशी फिरकणारसुद्धा नाही. नको फिरकू दे. त्याला कॅप्टन रूपसिंह स्टेडियमपाशी न्या. 24 फेब्रुवारी 2010 ला सचिनने तिथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 147 चेंडूंत नाबाद 200 धावा केल्या, पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांतलं पहिलं द्विशतक. हे तो तुम्हालाच सांगेल. मग सचिनचं आत्मचरित्र त्याच्या हातात द्या. स्वतःविषयी लिहिताना माणूस काय सांगतो आणि काय मागे ठेवतो, यावर अशा मुलांशी छान गप्पा होतात. त्यानंतर विचारा, स्टेडियम ज्याच्या नावाचं, तो रूपसिंह कोण? तो हॉकीपटू, ध्यानचंदांचा धाकटा भाऊ. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला 24-1 असं हरवलं, त्यात त्याचे एकट्याचे 10 गोल होते. ध्यानचंदांनी 'गोल' नावाचं आत्मचरित्र लिहून ठेवलं आहे. ते झाशीला राहत. म्हणजे क्रिकेटवरून निघालेलं पोर फिरून झाशीच्या वाटेला लागलंच.

वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी पत्रं सुचवते. 1961 साली मराठी साहित्य संमेलन आपल्या ग्वाल्हेरला भरलं, तेव्हा अध्यक्षपदी कुसुमावती देशपांडे होत्या. त्या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांनी कथा लिहिल्या, मराठी कादंबरीचा अभ्यास केला, आणि कवी अनिल यांच्याशी झालेला त्यांचा लग्नाआधीचा पत्रव्यवहार 'कुसुमानिल' म्हणून पुढे पुस्तकरूपात आला. प्रेमाविषयी मुलांशी बोलायला आपली जीभ रेटत नाही. हे पुस्तक त्यांच्या कपाटात ठेवून द्या, वेगळं बोलायची गरज पडणार नाही.

आता विज्ञान. "गोष्टी पुरे, काही ज्ञानाचं वाच" असं ज्या घरांत म्हणतात, त्यांनी मुलांना किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरात न्यावं. तिथला शिलालेख इसवी सन 876 चा. मजकूर अगदी साधा: देवाला बाग दिली, तिची लांबी 270 हात, रुंदी 187 हात, आणि रोज 50 माळा. त्या 270 मधलं आणि 50 मधलं छोटं वर्तुळ बघायला जगभरचे गणिताचे अभ्यासक इथे येतात. फुलांच्या हिशेबात शून्य आलेलं आहे, हे मुलाला बोट ठेवून दाखवा. आकड्यांची गोडी तिथे लागली, तर जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा पुढच्या. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून आद्याक्षरं उलटी केली, आणि पहिलं बक्षीस त्या 'जगतापां'ना मिळालं. ही हकीकत आधी सांगा, मुलं कथा मागून घेतात.

आणि तुम्हीही वाचा. ज्या बाबांनी वर्तमानपत्राशिवाय काही वाचलेलं नाही त्यांनी तांबे वाचावेत, ज्या आईच्या उशाशी कायम कादंबरी असते तिने नारळीकरांची एक कथा घ्यावी. कृष्णविवराजवळ काळ मंद कसा होतो हे तुम्हाला समजणार नाही कदाचित. मग ते मुलाकडून समजून घ्या, कागद-पेन्सिल घेऊन, त्याला हवा तेवढा वेळ देऊन.