फोन यंत्रणा बदलताना लायसन्स सांभाळा

दुकान-कारखान्याची फोन यंत्रणा नव्या संगणकावर नेताना व्यापारी बंधू यंत्राची किंमत पाहतात, लायसन्स विसरतात. १९९९ साली आलेले 'ॲस्टेरिस्क' हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. पण त्याला जोडलेली काही सॉफ्टवेअर विकत घ्यावी लागतात. त्यांचे लायसन्स बहुधा जुन्या संगणकाशीच बांधलेले असते. नुसती फाईल उतरवून ते चालत नाही. फोन बंद पडतो आणि ऑर्डर दुसरीकडे जाते.

म्हणून आधी यादी करा : लायसन्सचा क्रमांक, पावती, मुदत, एका वेळी किती कॉल. विक्रेत्याकडून बदलाची लेखी परवानगी घ्या. एकाच यंत्राचे लायसन्स दोन यंत्रांवर चालवणे करारभंग ठरतो. जी.७२९ या आवाज-पद्धतीचे पेटंट-शुल्क २०१७ पासून लागत नाही. कोणी मागितल्यास कारण विचारा. नवे यंत्र नीट चालल्यावरच जुने विका.