बास गिटार घ्यायची आहे : चार तारांची की पाच तारांची?

शाळेच्या वाद्यवृंदात हल्ली तबला, हार्मोनियम, ढोलकी यांच्या जोडीला कीबोर्ड, गिटार आणि बास गिटारही दिसू लागली आहे. एखादं मूल बास वाजवायला लागलं, सहा महिने टिकलं, की घरात प्रश्न येतो, "आता त्याला स्वतःची घेऊन देऊ का? आणि घ्यायची तर चार तारांची की पाच?" पालक हा प्रश्न घेऊन संगीत शिक्षकांकडे येतात. दुकानदाराचं उत्तर बहुतेक वेळा तयार असतं : "पाचचीच घ्या, पुढे उपयोगी पडेल."

आपल्याकडे गणवेश वाढत्या अंगाचा घ्यायची सवय आहे. ते कापडाला चालतं, वाद्याला मात्र चालेलच असं नाही. मोठा सदरा बाहीला दुमडता येतो, जड वाद्य आणि रुंद नेक दुमडता येत नाही. हाताला न झेपणारं वाद्य कपाटावर जाऊन बसतं आणि "याला संगीतात गोडीच नाही" हा शिक्का मुलावर बसतो. म्हणून निर्णय घेण्याआधी ही पाचवी तार नेमकं काय देते आणि बदल्यात काय मागते, हे आपण नीट समजून घेऊ.

१. आधी ओळख

चार तारांच्या बासवर जाड तारेकडून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी असे स्वर लावतात. कंपनसंख्या साधारण 41, 55, 73 आणि 98 हर्ट्झ. सर्वात बारीक ती पहिली तार, सर्वात जाड ती चौथी. आज आपण जी बास पाहतो तिचा साचा अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कंपनीने 1951 मध्ये आणलेल्या प्रिसिजन बासने पक्का केला. तारेची कंप पावणारी लांबी 34 इंच. आजही बहुतेक बास याच मापाच्या असतात.

पाच तारांच्या बासमध्ये चौथ्या तारेच्याही खाली एक जाड तार येते. तिचा स्वर बी, कंपनसंख्या साधारण 31 हर्ट्झ. माणसाच्या कानाची खालची मर्यादा 20 हर्ट्झच्या आसपास मानतात, म्हणजे आपण जवळजवळ तळाशी पोचलो.

गंमत म्हणजे फेंडरने 1965 मध्ये पाच तारांची एक बास काढली होती, पण तिची पाचवी तार खाली नव्हती, वर होती : जीच्याही वरचा सी. ती फारशी चालली नाही. पुढे सिंथेसायझरवर ईपेक्षा खालचे स्वर सर्रास वाजू लागले, तेव्हा बासवाल्यांनाही खाली उतरावंसं वाटलं. 1987 मध्ये म्युझिक मॅनची स्टिंगरे फाइव्ह आली, आणि खाली बी असलेली पाच तारांची बास हळूहळू नेहमीची झाली.

हा वाद बास गिटारपुरता नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदातल्या उभ्या डबल बासलाही मुळात ई-ए-डी-जी याच चार तारा. ईखाली उतरायला युरोपातले काही वादक पाचवी तार लावतात, तर अमेरिकेत ई तारेचीच लांबी वर वाढवून ती सीपर्यंत नेण्याची पद्धत आहे. प्रश्न जुनाच आहे, उत्तरं वेगवेगळी.

२. पाचवी तार किती नवे स्वर देते?

हा प्रश्न वर्गात मुलांनाच विचारा. बहुतेक जण "बारा" किंवा "वीस" म्हणतील. उत्तर आहे फक्त पाच : बी, सी, सी शार्प, डी आणि डी शार्प. कारण पाचव्या तारेवर पाचव्या फ्रेटला बोट ठेवलं की जो स्वर येतो तो ई, म्हणजे मोकळ्या चौथ्या तारेचाच. तिथून पुढचे सगळे स्वर चार तारांच्या बासवर आधीच आहेत.

आता हेच पाच स्वर आपल्या भाषेत वाचा. सी म्हणजे पांढरी एक. सी शार्प, काळी एक. डी, पांढरी दोन. डी शार्प, काळी दोन. पुरुष गायक षड्ज धरतात त्या नेहमीच्या पट्ट्याच या! म्हणजे काळी एकमध्ये गाणाऱ्या मुलाला साथ करताना षड्ज अगदी तळाशी, साधारण 35 हर्ट्झला द्यायचा असेल, तर पाचवी तार हवी. चार तारांच्या बासवर हाच षड्ज तिसऱ्या तारेच्या चौथ्या फ्रेटला मिळतो, पण एक सप्तक वर.

मुलींच्या किंवा स्त्रियांच्या गायनाला साथ असेल, तर पट्टी बहुधा पांढरी पाच ते काळी पाच या भागात असते. हे सगळे षड्ज चौथ्या तारेवर खालच्या बाजूलाच आहेत. तिथे चार तारा पुरतात. काळी चारचा पंचम षड्जाच्या खाली घ्यायचा झाला तर पाचवी तार लागेल, पण वरचा पंचम हाताशी असतोच.

थोडक्यात, "पाच की चार" विचारण्याआधी "कोणाबरोबर वाजवणार?" हे विचारा.

३. विज्ञानाच्या तासाला जोडता येईल असा भाग

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो : लांबी, ताण आणि दर सेंटिमीटरला असलेलं वजन. तार लांब किंवा जड केली तर स्वर उतरतो, ताण वाढवला तर चढतो. तंबोऱ्यावर खर्जाची तार जाड आणि पितळेची का असते, याचं उत्तर इथेच आहे.

ईवरून बीवर उतरायचं म्हणजे कंपनसंख्या तीन चतुर्थांश करायची (41.2 गुणिले 3 भागिले 4, म्हणजे 30.9). लांबी तीच ठेवली आणि तारही तीच ठेवली, तर ताण तीन चतुर्थांशाच्या वर्गाइतका, म्हणजे 16 पैकी 9 भाग उरतो. तार निम्म्यावर सैल पडते आणि फ्रेटवर खडखडते. ताण तोच राखायचा तर तार जाड हवी : इंचाच्या 105 हजारांश भागाऐवजी 140. इतकी जाड तार ताठ होते, तिचा आवाज गढूळ येतो. म्हणून बाजारात साधारण 130 ची तार वापरतात. हिशेब केला तर तिच्यावरचा ताण ई तारेपेक्षा सुमारे 14 टक्के कमी येतो.

म्हणजे पाचवी तार ही एक तडजोड आहे. ती थोडी सैल असणारच. चांगल्या बनावटीच्या वाद्यात नेक भक्कम असते, काही बनावटींत लांबी 34 ऐवजी 35 इंच करतात. त्या एका इंचाने ताण सुमारे 6 टक्के वाढतो. स्वस्त वाद्यात मात्र ही तडजोड उघडी पडते, पाचवी तार "बूं" करते आणि स्वर नेमका कोणता ते कळत नाही. म्हणून एकाच किमतीत चार तारांचं बरं वाद्य आणि पाच तारांचं साधारण वाद्य असा पर्याय असेल, तर विद्यार्थ्यासाठी पहिलं घ्यावं. स्वरज्ञान तयार होण्याच्या वयात कानाला स्पष्ट स्वर मिळणं महत्त्वाचं.

४. हाताचा हिशेब

इथे दोन्ही बाजूंनी बोलता येतं, म्हणून नीट वाचा.

पाच तारांची नेक रुंद असते. वरच्या टोकाला चार तारांच्या बासची रुंदी 38 ते 42 मिलिमीटर, तर पाचची साधारण 45 ते 48. सहा-सात मिलिमीटर आपल्याला किरकोळ वाटतात, पण लहान पंजाला जाड तारेपर्यंत पोचताना मनगट वाकवावं लागतं, आणि वाकलेल्या मनगटाने रोज अर्धा तास वाजवणं हे दुखण्याला आमंत्रण. वजनही वाढतं. खांद्याला पट्टा लावून उभं राहिल्यावर हे लगेच कळतं.

दुसरी बाजू अशी. चार तारांवर खालचा एफ वाजवायचा तर पहिल्या फ्रेटला जावं लागतं, आणि तिथे फ्रेट सर्वात लांब लांब असतात. पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर सुमारे 130 मिलिमीटर. तोच एफ पाचव्या तारेवर सहाव्या फ्रेटला मिळतो, आणि सहा ते नऊ हे अंतर सुमारे 97 मिलिमीटर. म्हणजे पाच तारांवर हात नेकच्या मध्ये ठेवून बरंच काही वाजवता येतं, बोटं कमी ताणावी लागतात. हा फायदा खरा आहे, फक्त तो पंजा रुंद नेकभोवती नीट बसणाऱ्यालाच मिळतो.

अगदी लहान मुलांसाठी तिसरा मार्ग आहे : 30 इंच लांबीची चार तारांची बास. तिच्यावर पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर सुमारे 114 मिलिमीटर. हिला कोणी "लहान मुलांचं खेळणं" म्हटलं तर सांगा, बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांची व्हायोलिनच्या आकाराची प्रसिद्ध हॉफनर बास याच मापाची आहे.

५. उजव्या हाताची शिस्त

बास वाजवण्यात अर्धी कला तार छेडण्याची आणि अर्धी तार गप्प ठेवण्याची. एक तार वाजली की बाकीच्या अनुनादाने हलतात. पाचवी जाड तार तर पटकन जागी होते आणि सगळ्या वाजवण्याखाली घरघर करत राहते. म्हणून पाच तारांवर शिकवताना उजव्या हाताचा अंगठा पाचव्या तारेवर टेकवून ठेवायला पहिल्या दिवसापासून शिकवावं लागतं, आणि वरच्या तारांवर जाताना तो पुढे सरकवायलाही.

चार तारांवर शिकलेलं मूल पुढे पाचवर गेलं तर सुरुवातीला गोंधळतं. सवयीने हात सर्वात जाड तारेवर पडतो आणि ईऐवजी बी वाजतो. पण ही अडचण काही आठवड्यांच्या सरावाची आहे. "आता चार घेतली तर पुढे पाच कधीच जमणार नाही" ही भीती पालकांनी मनातून काढून टाकावी.

उलट, चार तारांवर काय काय होऊ शकतं याची उदाहरणं मुलांना ऐकवा. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांत जेम्स जेमर्सन यांची चार तारांची प्रिसिजन बास आहे. जॅको पास्टोरियस यांनी फ्रेट नसलेल्या चार तारांच्या बासवर वाद्याचं रूपच पालटून टाकलं. तर अँथनी जॅक्सन यांना चार तारा अपुऱ्या वाटल्या, म्हणून त्यांनी सत्तरच्या दशकात सहा तारांची बास मुद्दाम बनवून घेतली. गरज आधी आली, तारा नंतर.

६. मधले मार्ग

महिन्यातून एखाद्याच गाण्याला खालचा डी लागत असेल, तर चार तारांच्या बासवर चौथी तार ईवरून डीवर उतरवता येते. एक खुंटी फिरवायची, झालं. डी आणि डी शार्प दोन्ही मिळाले.

आणखी खाली जायचं असेल तर चार तारांच्या बासवर बी-ई-ए-डी अशा तारा चढवता येतात. वरची जी तार जाते, खालची बी मिळते. यासाठी वरच्या टोकाच्या खाचा रुंद करून नेकचा ताण जुळवून घ्यावा लागतो. ते काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घ्या.

७. दुकानात गेल्यावर

मुलाला बरोबर न्या. हे पाहा :

– पट्टा लावून दहा मिनिटं उभं राहू द्या. हात सोडल्यावर नेक जमिनीकडे झुकते का?
– पहिल्या फ्रेटवर सर्वात जाड तार दाबताना मनगट सरळ राहतं का?
– पाच तारांच्या वाद्यावर पाचव्या तारेचा पाचवा फ्रेट आणि मोकळी चौथी तार एकामागून एक वाजवा. स्वर एकच यायला हवा, आणि पहिला दुसऱ्याइतकाच स्पष्ट वाटला पाहिजे. तो दबलेला, गढूळ वाटला तर ती पाचवी तार नावापुरतीच.
– हे सगळं घरी असेल तशाच छोट्या अँपवर ऐका. छोट्या स्पीकरमधून 31 हर्ट्झचा मूळ स्वर जवळजवळ येतच नाही, वरच्या उपस्वरांवरून कान तो ओळखून घेतो. दुकानातल्या भल्यामोठ्या अँपवर खूश होऊन निर्णय घेऊ नका.
– तारांच्या संचाची किंमत विचारा. पाचचा संच महाग पडतो, आणि हा खर्च वरचेवर येणारा आहे.

८. मग निर्णय काय?

पहिलं वाद्य असेल, मूल साधारण सातवी-आठवीपर्यंतचं असेल, बजेट मर्यादित असेल, तर चार तारा. पंजा लहान असेल तर 30 इंची. मूल मोठं असेल, दोन-तीन वर्षं नियमित वाजवत असेल, पुरुष गायकांना खालच्या पट्टीत साथ करत असेल किंवा त्याला आवडणाऱ्या संगीतातच खालचे स्वर असतील, तर पाच तारा जरूर घ्या. परीक्षेला बसवणार असाल, तर त्या अभ्यासक्रमाचं पुस्तक आधी उघडा आणि त्यातल्या गाण्यांत ईखालचे स्वर आहेत का ते मोजा.

वर्गासाठी कृती

मुलांना त्यांच्या आवडीची पाच गाणी निवडायला सांगा. प्रत्येक गाण्याची पट्टी हार्मोनियमवर शोधा, षड्ज बासच्या कोणत्या तारेवर कोणत्या फ्रेटला येतो ते वहीत लिहा. मग एकच प्रश्न : पाचपैकी किती गाण्यांत ईच्या खाली जावंसं वाटलं? जे उत्तर येईल ते पालकांना दाखवा. दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा ते पान जास्त उपयोगी पडेल, कारण ते त्या मुलाच्या स्वतःच्या गाण्यांतून आलेलं असेल.