चौसष्ट जण, सहा फेऱ्या



पुण्याच्या सी-डॅक संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्यात ६४ प्रोसेसर एकाच वेळी काम करीत. आजच्या मोठ्या ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये हजारो लहान गणक असतात. तत्त्व तेच, काम वाटून घेण्याचे.

हे शिकायला आधी यंत्र लागत नाही. दोन वर्ग एकत्र करून आम्ही ६४ मुलांना एकेक संख्या दिली. एकट्याने बेरीज केली तर ६३ वेळा करावी लागते. जोड्या पाडल्या की पहिल्या फेरीत ३२ बेरजा एकदम होतात. मग १६, ८, ४, २ आणि १. सहा फेऱ्यांत उत्तर!

पण आमचे पहिले उत्तर चुकले. काही हुशार मुलांनी घाई केली, जोडीदाराची बेरीज पूर्ण होण्याआधीच त्याचा जुना आकडा घेतला. दुसऱ्यांदा प्रत्येक फेरीअखेर सगळे एकमेकांसाठी थांबले आणि उत्तर बरोबर आले. समांतर प्रोग्रॅम लिहिताना हेच थांबणे सांभाळावे लागते.

सगळेच काम वाटता येत नाही. पोह्यांचा कांदा चौघे मिळून चिरतील, पण फोडणीआधी पोहे परतता येत नाहीत.

पालक व विश्वस्त मंडळींना विनंती, महागड्या यंत्रांची वाट न पाहता घरी आठ जणांत हा खेळ खेळून पाहावा. फेऱ्या किती लागतील, ते मुलांनाच विचारावे.