घड्याळ सोड, खूण पकड

या आठवड्यात तुझी सेकंड शिफ्ट आहे ना? म्हणजे कंपनीची बस चिंचवडला सोडेपर्यंत बारा वाजून जाणार आणि अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत एक. आणि तू मला म्हणतेस, "ताई, साडेपाचचा गजर लावते, पण उठवतच नाही. माझ्यात चिकाटीच उरली नाही." अगं, चिकाटीला कशाला बोल लावतेस? चार-साडेचार तासांच्या झोपेवर कोण उठेल? उठू नकोसच. तो गजर आजच्या आज काढून टाक.

खरं सांगू का, रोज ठरलेल्या वेळी व्यायाम कर हा सल्ला चुकीचा नाही, पण तो नऊ ते पाच नोकरीवाल्यांसाठी आहे. आपल्या चिंचवड-भोसरी-चाकण पट्ट्यात कितीतरी घरांचं घड्याळ शिफ्टबरोबर फिरतं. एक आठवडा पहाटे डबा, पुढच्या आठवड्यात मध्यरात्रीचं जेवण, त्याच्या पुढच्या आठवड्यात भरदिवसा पडदे ओढून झोप. त्यात चाकणच्या तळेगाव चौकात बस अडकली, की विचारूच नकोस. 'रोज सकाळी सहा' हा नेम इथे शिफ्ट बदलली की मोडणारच. तो मोडला की तुला वाटतं आपणच मोडलो, आणि मग महिना-महिना बूट कपाटाबाहेर येत नाहीत.

म्हणून वेळेचा नाद सोड आणि खूण पकड. शिफ्ट कुठलीही असो, तू रोज करतेसच असं काहीतरी निवड. तुझा उठल्यावरचा चहा घे ना. फर्स्टला तो पहाटे होतो, सेकंडला नऊला, थर्डला दुपारी. पण चुकत नाही. चहाचा कप सिंकमध्ये ठेवला, की लगेच व्यायाम. मधे मोबाइल नाही, कपड्यांच्या घड्या नाहीत.

हे मी मनचं सांगत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना अशीच एकेक सवय लावायला सांगितली होती, रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडून. २०१० साली त्यांचा अभ्यास छापून आला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं. पण कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असाही हिशेब निघाला. तेव्हा एकवीस दिवसांत सवय लागते म्हणणाऱ्यांचं ऐकून खट्टू होऊ नकोस. आणि बघ, त्यांना असंही आढळलं, की एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा फरक पडत नाही. एक दिवस गेला, गेला. दुसऱ्या दिवशी चहा आहेच.

आता किती करायचं? तू सोडलंस तिथून सुरू करायचं नाही, हे आधी ऐक. महिनाभर सुटलं की दम लवकर लागतो, ते साहजिक आहे. पहिले दोन आठवडे फक्त दहा मिनिटं. ओट्याला हात टेकून तिरके पुशअप, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला धरून टाचा उचलणं. वजन हवं तर तेलाची पिशवी घे, किंवा लिटरभर पाण्याची बाटली, ती एक किलोची भरते. दहा मिनिटांनी काय होतंय असं म्हणशील. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम सांगते. पण एका दमात निदान दहा मिनिटं हवीत ही जुनी अट तिने २०२० मध्ये काढून टाकली. पाच मिनिटांचा जिनाही हिशेबात धरला जातो.

थर्ड शिफ्टच्या आठवड्यात मात्र माझं एक ऐकायचं. रात्रभर जागून थेट टेकडीवर जायचं नाही. घरी ये, खा, झोप. उठल्यावर चहा आणि मग व्यायाम. त्या आठवड्यात निम्मंच झालं तरी मला चालेल, तुलाही चालायला हवं. पोटऱ्या, मांड्या दुखल्या तर घाबरू नकोस, दोन-तीन दिवसांत उतरतं. पण छातीत दडपण आलं, चक्कर आली किंवा सांध्यात कळ मारली, तर तिथेच थांब आणि डॉक्टरांकडे जा. अंगावर काढायचं नाही, कळलं?

सुट्टीच्या दिवशी निगडीच्या दुर्गा टेकडीवर जा. तिथली झाडी बघून मन हलकं होतं, हा माझा अनुभव. चढताना दम लागेल. उतरताना मात्र घाई नको, गुडघ्यांवर भार तेव्हा येतो. मोरया गोसावींच्या देवळाकडे नदीकाठाने चालायला तुला आवडतं, ठाऊक आहे मला, पण पावसाळ्यात पवनेला पाणी चढलं की तिकडे फिरकायचं नाही. त्या दिवसांत बिल्डिंगचा जिना आहे, पार्किंग आहे. शेजारणी बघतील म्हणून अंग चोरू नकोस गं. चार दिवस बघतील, पाचव्या दिवशी एखादी बरोबर येईल. आणि घरात स्पष्ट सांग, या दहा मिनिटांत मला हाक मारायची नाही. पोळ्या थांबतात.

तरीही कंटाळा आला, तर व्यायामच बदल. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आठवतात का? सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे. तेही आधी व्यायामपटू युजीन सँडोच्या पद्धतीने उपकरणांवर व्यायाम करायचे, बरीच वर्षं. मग चाळिशीच्या आसपास ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि पुढे संस्थानातल्या शाळांमधून मुलामुलींकडूनही घालून घेऊ लागले. बदल केला म्हणून त्यांना कुणी धरसोड म्हटलं नाही. तुला जिमचा वीट आला असेल तर एक सतरंजी पसर आणि दोन नमस्कार घाल. दोनच. पुढच्या आठवड्यात तीन.

आणि नवे बूट घ्यायचे म्हणत होतीस ना, ते संध्याकाळी जाऊन घे. दिवसभर उभं राहून पाय जरा फुगलेले असतात, तेव्हाचं माप बरोबर बसतं. मोजे बरोबर ने, आणि दुकानातच चार पावलं चालून बघ.